क्वार्टरबॅक कितव्या क्रमांकावर घेतला, यावर अजिंक्यपद ठरतं का?

अमेरिकन फुटबॉलमधल्या टॉम ब्रेडी या क्वार्टरबॅकला २००० सालच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी १९९ व्या क्रमांकावर घेतलं आणि पुढे त्यानं सात सुपर बोल, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगचे अंतिम सामने, जिंकले. ही गोष्ट इतक्यांदा सांगून झाली आहे की क्वार्टरबॅक कितव्या क्रमांकावर घेतला याला काही अर्थच नाही, असं अनेकांना वाटू लागलंय. दुसऱ्या बाजूची मंडळी पेटन मॅनिंग, ट्रॉय एकमन, जॉन एलवे अशी नावं पुढे करतात. हे तिघेही आपापल्या वर्षी अगदी पहिल्या क्रमांकावर निवडले गेले आणि तिघेही अजिंक्य ठरले. दाखले दोन्हीकडे भरपूर आहेत. अशा वेळी दाखल्याला दाखला लावत बसण्यापेक्षा सगळे विजेते एका ओळीत मांडून मोजलेलं बरं.

त्याआधी हा खेळ न पाहणाऱ्यांसाठी थोडंसं. अमेरिकन फुटबॉलमध्ये मैदानावर अकरा विरुद्ध अकरा असतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकलं की आणखी चार प्रयत्न मिळतात. जवळजवळ प्रत्येक प्रयत्नात चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो. तो कोणाकडे फेकायचा, कोणाच्या हातात द्यायचा, की स्वतःच घेऊन पळायचं, हे त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवावं लागतं, आणि तेही समोरून सव्वाशे-दीडशे किलोचे गडी अंगावर चालून येत असताना. इतर कोणत्याही सांघिक खेळात एका जागेवर एवढा भार क्वचितच असेल. म्हणून हा खेळाडू निवडताना संघांचा जीव खालीवर होतो.

निवड होते ती ड्राफ्टमध्ये. आयपीएलच्या लिलावात ज्याच्या थैलीत पैसा तो बोली वाढवतो. इथे बोली नाही, पाळी आहे. मागच्या मोसमात जो संघ तळाला राहिला त्याची पाळी पहिली, विजेत्याची शेवटची. फिलाडेल्फिया ईगल्सच्या बर्ट बेल यांनी ही पद्धत सुचवली आणि १९३६ मध्ये पहिला ड्राफ्ट झाला. श्रीमंत संघांनी सगळे चांगले खेळाडू उचलू नयेत, हा हेतू. आता ३२ संघ आणि सात फेऱ्या असतात, अडीचशेच्या आसपास खेळाडू निवडले जातात. पाळी दुसऱ्या संघाशी बदलून घेता येते, त्यामुळे पहिला क्रमांक दर वेळी सर्वांत कमकुवत संघच वापरतो असं नाही. पण बहुतेक वेळा तसंच होतं. ही बाब नीट लक्षात ठेवा, पुढचं बरंचसं कोडं तिथेच सुटतं.

आता मोजणी. फेब्रुवारी २०२५ पर्यंत ५९ सुपर बोल झाले. जिंकणाऱ्या संघाकडून सामन्याची सुरुवात करणारे क्वार्टरबॅक धरले, तर ती ३५ माणसं होतात. ५९ पैकी ३१ अजिंक्यपदं नेहमीच्या ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत निवडलेल्यांची आहेत. एक स्टीव्ह यंगचं, जो १९८४ च्या एका वेगळ्या पुरवणी ड्राफ्टमध्ये पहिला घेतला गेला होता. उरलेली २७ दुसऱ्या फेरीतल्यांची, त्यानंतरच्यांची आणि ज्याला ड्राफ्टमध्ये कोणी घेतलंच नाही अशा एकाची. म्हणजे पारडं पहिल्या फेरीकडे झुकतं, पण जेमतेम. त्या २७ मधली सात एकट्या ब्रेडीची आणि चार जो मोंटानाची, जो १९७९ मध्ये ८२ वा होता. दर वर्षी पहिल्या फेरीत सहसा दोन-चारच क्वार्टरबॅक निवडले जातात आणि त्यानंतरच्या फेऱ्यांमध्ये त्याहून बरेच जास्त. एवढ्या थोड्या माणसांनी निम्म्याहून अधिक अजिंक्यपदं मिळवावीत, हे काही योगायोगानं होत नाही. क्रमांकाला अर्थ नाही असं म्हणणाऱ्यांचं इथे चुकतं.

अगदी पहिला क्रमांक पाहिला तर चित्र आणखी ठसठशीत दिसतं. टेरी ब्रॅडशॉ चार वेळा जिंकला, ट्रॉय एकमन तीन वेळा. जिम प्लंकेट, जॉन एलवे, पेटन मॅनिंग आणि त्याचा धाकटा भाऊ इलाय मॅनिंग प्रत्येकी दोनदा, आणि मॅथ्यू स्टॅफर्ड एकदा. एकूण १६. कुठल्याही एका क्रमांकाच्या वाट्याला याच्या जवळपास जाणारा आकडा नाही. १९९ च्या वाट्याला सात आहेत, पण ते एकाच माणसाचे. गंमत म्हणजे पहिल्या ५९ सुपर बोलमध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडलेल्या एकाही क्वार्टरबॅकनं विजेत्या संघाकडून सुरुवात केलेली नाही. आर्ची मॅनिंग, डोनोव्हन मॅकनॅब यांच्यासारखे उत्तम खेळाडू त्या क्रमांकावर आले आणि रायन लीफसारखे पार फसलेलेही आले. २०१६ मध्ये दुसरा आलेला कार्सन वेंट्झ २०१७ च्या मोसमात अप्रतिम खेळत होता, पण डिसेंबरमध्ये त्याचा गुडघा गेला. फिलाडेल्फियाला तो सुपर बोल जिंकून दिला त्याच्या जागी आलेल्या निक फोल्सनं, जो २०१२ च्या ड्राफ्टमध्ये ८८ वा होता. पहिल्याची १६ आणि दुसऱ्याचं शून्य, यावरून दुसरा क्रमांक अपशकुनी वगैरे ठरत नाही. ५९ सामने हा फार छोटा नमुना आहे, आणि एका गुडघ्यानं हिशेब बदलतो, एवढंच यातून घ्यायचं.

आता या सात जणांची नावं पुन्हा वाचा आणि एकच प्रश्न विचारा: ज्या संघानं यांना पहिल्या क्रमांकावर निवडलं, त्या संघाला अजिंक्यपद मिळालं का? प्लंकेटला १९७१ मध्ये न्यू इंग्लंडनं घेतलं. तो जिंकला रेडर्सकडून, मधल्या काळात सॅन फ्रान्सिस्कोनंही त्याला सोडून दिल्यावर. एलवेला १९८३ मध्ये बाल्टिमोर कोल्ट्सनी निवडलं, त्यानं तिथे खेळायला साफ नकार दिला आणि तो डेन्व्हरला गेला. इलाय मॅनिंगला २००४ मध्ये सॅन डिएगो चार्जर्सनी निवडलं आणि त्याच दिवशी न्यूयॉर्क जायंट्सना दिलं. स्टॅफर्डनं डेट्रॉइटमध्ये १२ मोसम काढले, तिथे बाद फेरीतला एकही सामना त्याला जिंकता आला नाही; लॉस एंजेलिस रॅम्समध्ये गेला आणि पहिल्याच मोसमात अजिंक्य झाला. उरले तीन: पिट्सबर्गचा ब्रॅडशॉ, डॅलसचा एकमन आणि इंडियानापोलिसचा पेटन मॅनिंग. त्यातही पेटनचं दुसरं अजिंक्यपद डेन्व्हरचं. १९६७ पासून २०२५ पर्यंत २९ क्वार्टरबॅक पहिल्या क्रमांकावर निवडले गेले. निवडणाऱ्या संघाच्याच गणवेशात सुपर बोल जिंकणारे त्यातले हे तीन.

माझ्या मते सगळ्या वादाचं मर्म इथे आहे. क्वार्टरबॅकचा क्रमांक त्याच्याबद्दल बरंच काही खरं सांगतो. ज्या संघानं तो क्रमांक खर्च केला त्याच्या भवितव्याबद्दल मात्र फार कमी सांगतो.

हे जवळून पाहायचं असेल तर फ्लोरिडातल्या टॅम्पा बे बकनीअर्स या एका संघाचा इतिहास पुरेसा आहे. १९७६ मध्ये हा संघ लीगमध्ये आला आणि पहिले २६ सामने ओळीनं हरला. १९७८ मध्ये त्यांनी १७ व्या क्रमांकावर डग विल्यम्सला घेतलं. दुसऱ्याच मोसमात तो संघाला सुपर बोलच्या एक पायरी अलीकडे घेऊन गेला. चार मोसमांत तीनदा बाद फेरी. त्याचा पगार मात्र इतर संघांच्या बाकावर बसणाऱ्या अनेक क्वार्टरबॅकपेक्षाही कमी होता. १९८२ च्या मोसमानंतर पैशांवरून फिसकटलं आणि तो दुसऱ्या लीगमध्ये निघून गेला. पुढचा मोसम टॅम्पानं २ विजय आणि १४ पराभवांवर संपवला, आणि १९९६ पर्यंत सलग १४ मोसम त्यांचे पराभव विजयांपेक्षा जास्तच राहिले. इकडे विल्यम्स वॉशिंग्टनला राखीव म्हणून गेला, तिथे पहिल्या पसंतीचा झाला, आणि जानेवारी १९८८ मध्ये एलवेच्या डेन्व्हरविरुद्ध सुपर बोलमध्ये उतरला. पहिल्या चतकोरात, म्हणजे सामन्याच्या पहिल्या चौथ्या भागात, त्याचा संघ ०-१० असा मागे होता. दुसऱ्या चतकोरात त्यानं चार टचडाऊन पास (थेट गोलरेषेपार पोचून गुण मिळवून देणारे) टाकले, संघानं त्या एका चतकोरात ३५ गुण केले आणि सामना ४२-१० असा जिंकला. सुपर बोल जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक. तोवर असं मानणारे प्रशिक्षक आणि मालक या खेळात होते की ही जागा कृष्णवर्णीयांची नव्हेच, आणि कॉलेजात क्वार्टरबॅक खेळलेल्या अशा मुलांना व्यावसायिक संघ सर्रास दुसऱ्या जागेवर खेळायला लावत. ड्राफ्टच्या क्रमांकात गुणवत्तेबरोबर निवडणाऱ्यांचे पूर्वग्रहही मिसळलेले असतात, हे विसरून चालत नाही.

१९८४ च्या पुरवणी ड्राफ्टमध्ये टॅम्पानं स्टीव्ह यंगचे हक्क मिळवले. १९८५ आणि १९८६ या दोन मोसमांत त्यानं १९ सामने सुरू केले आणि त्यातले तीन जिंकले. संघानं त्याला निकालात काढलं. १९८७ मध्ये पुन्हा पहिला क्रमांक हाती होता, त्यावर व्हिनी टेस्टावर्डीला घेतलं आणि यंगला सॅन फ्रान्सिस्कोला देऊन टाकलं. तिथे तो चार मोसम मोंटानाच्या मागे बसला. जानेवारी १९९५ च्या सुपर बोलमध्ये त्यानं सहा टचडाऊन पास टाकले, आणि सुपर बोलमधला तो विक्रम ठरला. टॅम्पात हरणारा माणूस आणि सॅन फ्रान्सिस्कोत विक्रम करणारा माणूस एकच होता. बदलला तो भोवतालचा संघ, प्रशिक्षक आणि त्याला मिळालेला वेळ. टेस्टावर्डीनं १९८८ मध्ये विरोधकांच्या हातात ३५ पास दिले, तरी १९९२ पर्यंत तोच टॅम्पाचा क्वार्टरबॅक राहिला.

मग १९९४ मध्ये सहाव्या क्रमांकावर ट्रेंट डिल्फर. सहा मोसमांनी त्यालाही सोडलं. तो बाल्टिमोर रेव्हन्सकडे गेला, मोसमाच्या मध्यावर संघात आला आणि जानेवारी २००१ मध्ये सुपर बोल जिंकला. मैदान कुठलं, तर टॅम्पाचंच. पण हे अजिंक्यपद डिल्फरच्या हातून आलं असं कोणीच म्हणत नाही. त्या बाल्टिमोर संघाच्या बचावानं १६ सामन्यांत अवघे १६५ गुण दिले होते, १६ सामन्यांच्या मोसमातला तो नीचांक. क्वार्टरबॅकनं फक्त घोळ घालायचा नव्हता. जिंकल्यावर काही आठवड्यांतच बाल्टिमोरनं त्याला नारळ दिला. डिल्फरची सहाव्या क्रमांकाची नोंद वर मोजलेल्या ३१ मध्ये आहे, पण ती तिथे आहे म्हणून क्रमांकाचं वजन वाढतं असं मला वाटत नाही.

टॅम्पाचं स्वतःचं पहिलं अजिंक्यपद जानेवारी २००३ मध्ये आलं. क्वार्टरबॅक होता ब्रॅड जॉन्सन, १९९२ मध्ये मिनेसोटानं नवव्या फेरीत २२७ व्या क्रमांकावर घेतलेला. आज तर नववी फेरीच उरलेली नाही. त्या सामन्यातही कणा बचावाचाच: ओकलंडच्या रिच गॅननचे पाच पास टॅम्पाच्या बचावपटूंनी पकडले आणि त्यातल्या तीन पासवर थेट टचडाऊन केले. २०१५ मध्ये पुन्हा पहिला क्रमांक, पुन्हा क्वार्टरबॅक, जेमिस विन्स्टन. २०१९ मध्ये त्यानं ५१०९ यार्ड पास केले, ३३ टचडाऊन आणि ३० इंटरसेप्शन, म्हणजे विरोधकांनी पकडलेले पास. एका मोसमात दोन्ही आकडे तिसापर्यंत नेणारा तो पहिलाच. संघानं करार वाढवला नाही, ब्रेडीला आणलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये स्वतःच्याच मैदानावर पॅट्रिक महोम्स या क्वार्टरबॅकच्या कॅन्सस सिटीला ३१-९ असं हरवलं. ब्रेडी तेव्हा ४३ वर्षांचा होता.

असा हा हिशेब. विल्यम्स, यंग आणि डिल्फर या तिघांना टॅम्पानं मोठ्या आशेनं निवडलं आणि तिघेही दुसरीकडे जाऊन अजिंक्य झाले. टॅम्पाला दोन अजिंक्यपदं मिळवून दिली ती २२७ व्या आणि १९९ व्या क्रमांकाच्या माणसांनी, आणि त्या दोघांनाही घडवलं होतं दुसऱ्या संघांनी.

मग क्रमांकाचा नेमका उपयोग काय? त्यातून खेळाडूला किती संधी मिळणार हे ठरतं. टेस्टावर्डीला ३५ इंटरसेप्शननंतरही जागा मिळाली कारण संघानं त्याच्यावर पहिला क्रमांक आणि भरपूर पैसा लावलेला होता. त्याला बसवणं म्हणजे आपली निवड चुकली असं जाहीर करणं. खालच्या क्रमांकाच्या मुलाला मात्र सरावातल्या दोन-चार वाईट दिवसांनंतरही गाठोडं बांधावं लागतं. त्याच्यासाठी दार उघडतं ते बहुधा दुसऱ्या कोणाच्या दुखापतीनं. कर्ट वॉर्नरला १९९४ मध्ये कोणीही निवडलं नाही. तो आयोवातल्या एका किराणा दुकानात रात्रपाळीला फळ्या भरत होता, मग बंदिस्त मैदानावरच्या अरीना फुटबॉलमध्ये खेळला. १९९९ च्या मोसमाआधी सेंट लुईस रॅम्सचा ट्रेंट ग्रीन जायबंदी झाला, वॉर्नर आत आला आणि त्याच मोसमात सुपर बोल जिंकला. ब्रेडीचंही तसंच. न्यू इंग्लंडकडे १९९३ चा पहिल्या क्रमांकाचा ड्रू ब्लेडसो होता आणि मार्च २००१ मध्येच त्याच्याशी १० वर्षांचा १० कोटी ३० लाख डॉलरचा करार झाला होता. २३ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्क जेट्सच्या मो लुईसनं त्याला सीमारेषेजवळ जबर धडक दिली, छातीत रक्तस्राव झाला. त्या धडकेशिवाय ब्रेडीला त्या वर्षी मैदान दिसलं नसतं. फेब्रुवारी २००२ च्या सुपर बोलमध्ये मग १९९ वा ब्रेडी आणि कोणीच न निवडलेला वॉर्नर समोरासमोर आले, आणि ब्रेडीचा संघ २०-१७ असा जिंकला.

ब्रेडीच्या आधी त्या वर्षी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले होते. त्यातल्या जिओव्हानी कार्माझीला सॅन फ्रान्सिस्कोनं ६५ व्या क्रमांकावर घेतलं, तो मुख्य मोसमातला एकही सामना खेळला नाही. निवडकर्ते आंधळे होते असं नाही. ब्रेडीनं चाचणीत ४० यार्ड धावायला ५.२८ सेकंद घेतले, जे खरंच हळू आहे, आणि मिशिगन विद्यापीठाच्या संघातही त्याला जागा दुसऱ्याबरोबर वाटून घ्यावी लागली होती. जे मोजता येत होतं ते त्यांनी मोजलं. दबावाखाली तो किती लवकर आणि किती अचूक वाचतो हे मोजायला त्यांच्याकडे साधन नव्हतं, आणि आजही पुरेसं नाही.

या विषयावर अर्थतज्ज्ञांनीही काम केलंय. डेव्हिड बेरी आणि रॉब सिमन्स यांनी क्वार्टरबॅकची आकडेवारी तपासली. वरच्या क्रमांकाचे खेळाडू एकूण जास्त यार्ड, जास्त टचडाऊन करतात, पण ते मुळात जास्त खेळतात म्हणून. प्रत्येक प्रयत्नामागची कामगिरी पाहिली तर क्रमांकाशी तिचा संबंध फार थोडा, असा त्यांचा निष्कर्ष होता. यावर आक्षेप आला आणि तो रास्त आहे. समजा खालच्या फेऱ्यांतून शंभर क्वार्टरबॅक आले आणि त्यातले नव्वद कधी मैदानात उतरलेच नाहीत. जे दहा उतरले ते सरावात चमकले म्हणूनच. आता या गाळून आलेल्या दहा जणांची तुलना पहिल्या फेरीतल्या सगळ्यांशी केली तर दोघं सारखे दिसणारच, कारण पहिल्या फेरीतल्या वाईट खेळाडूंनाही भरपूर खेळवलेलं असतं. न खेळलेल्या नव्वदांचं काय झालं असतं हे त्या आकड्यांत कुठेच नाही. म्हणून त्या अभ्यासातून "क्रमांक निरर्थक" असा अर्थ काढणं घाईचं आहे.

दुसरा अभ्यास मला अधिक पटतो, केड मॅसी आणि रिचर्ड थेलर यांचा. थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी सगळ्याच जागांवरचे खेळाडू पाहिले आणि विचारलं, एखादा खेळाडू त्याच जागेसाठी त्याच्या पाठोपाठ निवडल्या गेलेल्या खेळाडूपेक्षा सरस ठरतो का? उत्तर आलं, ५२ टक्के वेळा. नाणेफेकीपेक्षा किंचित बरं. निवडकर्त्यांना काही कळत नाही असा याचा अर्थ नव्हे. पहिल्यात आणि शंभराव्यात फरक त्यांना नक्की कळतो. पहिल्यात आणि पाचव्यात किती फरक आहे याची मात्र त्यांना वाटते तेवढी खात्री धरता येत नाही. तरीही संघ दोन पायऱ्या वर सरकायला पुढच्या वर्षांच्या पाळ्या उधळतात. २०१७ मध्ये शिकागो बेअर्सनी तिसऱ्यावरून दुसऱ्या क्रमांकावर जायला किंमत मोजली आणि मिचेल ट्रुबिस्कीला घेतलं. पॅट्रिक महोम्स दहाव्या क्रमांकापर्यंत उपलब्ध होता. कॅन्सस सिटीनं त्याला घेतलं आणि पुढच्या सात मोसमांत त्याच्यासह तीन सुपर बोल जिंकले.

महोम्सच्या गोष्टीत आणखी एक बाजू आहे, जिच्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही. पहिल्या वर्षी तो फक्त एक सामना खेळला. त्याच्या पुढे होता ॲलेक्स स्मिथ, २००५ चा पहिल्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक. त्या २००५ च्या ड्राफ्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोनं स्मिथला घेतलं आणि एरन रॉजर्स घसरत २४ व्या क्रमांकावर ग्रीन बेकडे गेला. स्मिथला कमकुवत संघात लगेच उतरवलं, जवळपास दर वर्षी आक्रमणाचा नवा प्रशिक्षक, दर वर्षी नवी भाषा, नव्या खुणा. रॉजर्स तीन वर्षं ब्रेट फार्वच्या मागे बसून शिकला आणि फेब्रुवारी २०११ मध्ये सुपर बोल जिंकला. दोघांची अदलाबदल झाली असती तर काय झालं असतं हे कोणी सांगू शकत नाही. पण उशिरा निवडलं जाणं म्हणजे अनेकदा चांगल्या संघात जाणं, हे या पद्धतीच्या रचनेतच आहे. आणि चांगला संघ म्हणजे फक्त प्रशिक्षक नव्हे. एलवे तीन सुपर बोल हरला होता. जिंकायला लागला तो पंधराव्या मोसमात, टेरेल डेव्हिससारखा धावणारा गडी सोबतीला आल्यावर. डेव्हिसला १९९५ मध्ये कितव्या क्रमांकावर घेतलं होतं? १९६. एलवेच्याच वर्षी पहिल्या फेरीत आलेला डॅन मरीनो, ज्याला अनेक जण आजही सर्वोत्तम पासर मानतात, एकदाच सुपर बोलपर्यंत पोचला आणि हरला.

शेवटचा धागा पैशांचा, आणि आजच्या काळात तो फार महत्त्वाचा. प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चावर मर्यादा असते. २०२४ मध्ये ती २५ कोटी ५४ लाख डॉलर होती. २०१० पर्यंत नवख्यांचे करार बेसुमार होते. त्या वर्षीचा पहिला, सॅम ब्रॅडफर्ड, सहा वर्षांसाठी ७ कोटी ८० लाख डॉलरच्या करारावर आला. २०११ मध्ये नियम बदलले, आणि त्याच वर्षीचा पहिला, कॅम न्यूटन, चार वर्षांसाठी २ कोटी २० लाखांत मिळाला. तेव्हापासून चांगला क्वार्टरबॅक नवखा असताना स्वस्त पडतो आणि वाचलेल्या पैशांत बाकीचा संघ उभा करता येतो.

सॅन फ्रान्सिस्कोनं २०२१ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर जायला पहिल्या फेरीच्या तीन पाळ्या मोजल्या आणि ट्रे लान्सला घेतलं. त्यानं त्यांच्यासाठी चार सामने सुरू केले, घोटा मोडला, आणि २०२३ मध्ये चौथ्या फेरीच्या एका पाळीच्या बदल्यात तो डॅलसला गेला. दरम्यान २०२२ च्या ड्राफ्टमध्ये याच संघानं अगदी शेवटच्या, २६२ व्या क्रमांकावर ब्रॉक पर्डीला घेतलं होतं. त्याच्याआधी पसंती असलेले दोन क्वार्टरबॅक जायबंदी झाले तेव्हा तो आत आला. २०२३ च्या मोसमात त्याचा मूळ पगार ८ लाख ७० हजार डॉलर होता, आणि त्याच्या भोवती लीगमधल्या सर्वांत महागड्या आक्रमणांपैकी एक उभं करता आलं, ते याच बचतीमुळे. फेब्रुवारी २०२४ चा सुपर बोल त्यांनी जादा वेळेत महोम्सच्या संघाकडून २२-२५ असा गमावला. लान्सची चूक पचवून हा संघ तिथवर पोचला, कारण बाकीच्या जागांवर त्यांनी नीट माणसं निवडली होती.

हा फायदा नवख्या करारापुरताच टिकतो. पर्डीनं २०२५ मध्ये पाच वर्षांचा २६ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला. आता हिशेबाच्या वहीत तो २६२ वा असला काय आणि पहिला असला काय, सारखाच. स्वस्त क्वार्टरबॅकशिवाय जिंकता येत नाही असाही एक सिद्धांत मध्यंतरी जोरात होता. महोम्सनं २०२० मध्ये १० वर्षांचा ४५ कोटींचा करार केला आणि त्यानंतर दोन सुपर बोल जिंकले. २०२० मध्ये दुसऱ्या फेरीत ५३ वा आलेला जेलन हर्ट्स २०२३ मध्ये पाच वर्षांच्या २५ कोटी ५० लाखांच्या करारावर गेला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच्या फिलाडेल्फियानं महोम्सच्या कॅन्सस सिटीला ४०-२२ असं हरवलं. त्या सामन्यात फिलाडेल्फियाच्या बचावफळीनं महोम्सला सहा वेळा पास टाकण्याआधीच लोळवलं.